सोडायचंय, पण अंग ऐकत नाही: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात सवयी आणि व्यसनं सोडण्याबद्दल प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं. सगळ्यात जास्त पत्रं आली ती चहा-कॉफीची, त्याच्या खालोखाल तंबाखूची, आणि दारूबद्दल जी आली ती बहुतेक सगळी घरातल्या बायकांनी लिहिलेली. जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, की माझ्यात (किंवा त्यांच्यात) विलपॉवर नाही. मला हे वाक्य वाचून खरंच वाईट वाटतं, कारण सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत जे होतं ते शरीराचं काम असतं, त्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं, आणि ते कॉफीचं वेगळं, तंबाखूचं वेगळं, दारूचं तर फारच वेगळं. ते माहीत नसलं की माणूस नेमका सगळ्यात वाईट दिवशी हार मानतो, म्हणून यावेळी तेवढंच नीट सांगते.

प्रश्न: मी ३४ वर्षांची आहे, आयटीत काम करते. उठल्यावर एक मग कॉफी, ऑफिसला पोचल्यावर मशीनची, अकराच्या मीटिंगआधी एक, जेवल्यावर एक, चारला एक, कधीकधी घरी आल्यावर पण. मागच्या सोमवारी एकदम बंद केली. मंगळवारी दुपारी डोकं इतकं ठणकायला लागलं की लाईट सहन होईना, मळमळ, कुणी जरा काही बोललं की रडू यायचं. बुधवारी सकाळी परत प्यायले आणि अर्ध्या तासात सगळं नॉर्मल. मला कॉफीचं व्यसन लागलंय का, आणि आता ही सुटणार कशी?
— एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, तुम्ही जे लिहिलंय ते अगदी पुस्तकात असतं तसंच झालंय. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांनी डोकं दुखायला लागतं, पहिल्या दोन दिवसांत कधीतरी ते सगळ्यात जास्त असतं, मग उतरत उतरत दोन ते नऊ दिवसांत संपतं. सोबत मळमळ, पेंग, चिडचिड, कशात लक्ष न लागणं, ताप येणार की काय असं अंग मोडून येणं, हे सगळं त्यातलंच. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये निदानांची जी यादी काढली, डीएसएम-५, त्यात कॅफीन विथड्रॉवल, म्हणजे चहा-कॉफीतलं कॅफीन एकदम सुटल्यावर होणारा त्रास, हे रीतसर निदान म्हणून घातलंय. तर तुमचं मंगळवारचं रडू खरं होतं. आणि बुधवारी सकाळी तुम्ही मग उचललात तेव्हा सगळ्यात अवघड टप्पा बहुतेक मागे पडला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर कदाचित तुम्ही थांबला असतात.

आत काय होतं तेही सांगते, कारण ते कळलं की भीती कमी होते. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते त्याच्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की आपल्याला पेंग येते. कॅफीनची ठेवण त्याच्यासारखीच असते, म्हणून एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसं कॅफीन त्या जागा धरून ठेवतं आणि अडेनोसिन उभंच राहतं. रोज असं व्हायला लागलं की मेंदू जागाच वाढवतो. मग एक दिवस कॅफीन आलंच नाही की साठलेलं अडेनोसिन त्या वाढलेल्या जागांवर एकदम जाऊन बसतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं. या वाढलेल्या जागा मेंदूने परत कमी करेपर्यंत आठवडा-दीड आठवडा जातो, तोपर्यंत मन कितीही घट्ट केलं तरी डोकं दुखायचं ते दुखतंच.

व्यसन म्हणायचं का? शरीराला सवय लागली आहे, हे नक्की. पण तंबाखू-दारूला आपण ज्या अर्थाने व्यसन म्हणतो त्या रांगेत मी कॉफीला बसवणार नाही, कॉफीसाठी कुणी बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकत नाही आणि पोरांच्या फीचे पैसे उडवत नाही. त्याच डीएसएम-५ मध्येसुद्धा कॅफीनच्या व्यसनाला पक्कं निदान म्हणून जागा दिलेली नाही, अजून अभ्यास हवा म्हणून बाजूला ठेवलंय.

आता सोडायची कशी. एकदम बंद करू नका, तुम्हाला अनुभव आलाच आहे. आधी किती कॅफीन जातं ते मोजा. आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये जो सल्ला दिलाय त्यात १५० मिलीच्या कपाला फिल्टर किंवा ब्रू कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५ असा हिशोब आहे आणि दिवसाला ३०० च्या वर जाऊ नका म्हटलंय. ऑफिसचा मग दीड-दोन कपांचा असतो, त्यामुळे तुमचा आकडा ४०० च्या पुढे सहज जात असणार. दर तीन-चार दिवसांनी एक मग कमी करा, आणि सुरुवात संध्याकाळच्या मगापासून करा, कारण कॅफीन अंगातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारच्या कॉफीतलं निम्मं रात्री नऊला तुमच्या रक्तात फिरत असतं आणि मग झोप उथळ लागते आणि मग सकाळी परत कॉफी लागते. सकाळचा मग सगळ्यात शेवटी काढायचा, तोसुद्धा चमच्याने, म्हणजे सपाट चमचा पावडर घेत असाल तर पाऊण, मग अर्धा. घरी फिल्टरची कॉफी असेल तर अजून सोपं आहे, चिकोरीत कॅफीन नसतं, त्यामुळे ८०-२० ची पावडर संपली की दुकानातून ६०-४० आणायची, चव फार बदलत नाही पण कॅफीन कमी होतं.

एक गोष्ट आवर्जून बघा, कुठला मग कशाला बांधलेला आहे. अकराची कॉफी बहुतेक खुर्चीतून उठायला मिळावं म्हणून असते. ते उठणं आणि पॅन्ट्रीपर्यंतच्या गप्पा सोडू नका, ग्लासात ताक घ्या, लिंबूपाणी घ्या, काहीही घ्या. आणि त्या दिवसांत डोकं दुखलं म्हणून गोळी घ्यायची झाली तर पाकिटाच्या मागे काय लिहिलंय ते वाचा, डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन घातलेलं असतं, मग एका दाराने काढलेलं दुसऱ्या दाराने आत येतं. साधी पॅरासिटामॉल चालते. सोमवारी सुरू करू नका, डेडलाईन असलेल्या आठवड्यात तर मुळीच नको.

प्रश्न: माझं वय ५८. वर्षभरात बाकी उपास खाऊन-पिऊन करतो पण आषाढी आणि कार्तिकीला निर्जळी असतो, चहासुद्धा नाही. दुपारपासून डोकं चढतं, संध्याकाळी उलटी होते, पित्ताची गोळी घेतो पण उपयोग होत नाही. दुसऱ्या दिवशी पारणं करताना चहा पोटात गेला की बरं वाटतं. एरवी दिवसाला पाच-सहा कप चहा होतो. हे पित्त आहे की चहा?
— एक वाचक, जळगाव

उत्तर: काका, चहा. पाणी नाही आणि पोट रिकामं आहे याने भर पडते, ते आहेच, पण चहा पोटात गेल्यावर लगेच उतार पडतो ही खूण फार बोलकी आहे. आपल्याकडे डोकं दुखून उलटी झाली की पित्त म्हणायची पद्धत आहे आणि उलटी झाल्यावर थोडं हलकं वाटतं म्हणून ते पटतंही. पण तुमच्या अंगाला दिवसाला दीडशे-दोनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कॅफीनची सवय आहे आणि त्या दिवशी ते शून्यावर येतं. रोज जेमतेम १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यालाही असा त्रास होऊ शकतो. रविवारी उशिरा उठलं की डोकं जड होतं अशी तक्रार बरेच जण करतात, तिथेही पुष्कळदा सकाळचा चहा तीन तास पुढे गेलेला असतो.

एकादशीच्या आठ-दहा दिवस आधीपासून चहा कमी करत आणा, दशमीला एकाच कपावर असाल असं बघा, मग उपास सुखाचा होईल. हीच गोष्ट ऑपरेशनच्या वेळी लक्षात ठेवा, रात्रीपासून उपाशी ठेवतात आणि नंतर डोकं दुखतं ते पुष्कळदा चहा चुकल्याने असतं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना तुमचे कप किती ते सांगून ठेवा. मात्र तुम्हाला शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निर्जळी करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचाराच. आणि कधी डोकं अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं दुखलं, किंवा सोबत बोलणं अडखळलं, हात-पाय जड पडला, तर चहाची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न: सिगरेट सोडून तीन आठवडे झाले, रोज दहा-बारा ओढायचो. टपरीवर मित्रांबरोबर अजून जातो पण फक्त कॉफी घेतो, दिवसाला चार होतात, आधीपण तेवढ्याच व्हायच्या. पण आता छातीत धडधडतं, बोटं थरथरतात, रात्री दोन दोनपर्यंत झोप नाही. सगळे म्हणतात सिगरेट सोडल्यामुळे होतंय, होईल कमी. मला मात्र वाटायला लागलंय की एखादी ओढली तर शांत वाटेल.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: थांबा, ओढू नका, आधी कॉफी निम्मी करा. आजच.

हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि डॉक्टरही सांगायचं विसरतात. सिगरेटच्या धुरात जी रसायनं असतात ती लिव्हरमधलं एक एन्झाइम वाढवतात आणि तेच एन्झाइम कॅफीन निकाली काढतं. त्यामुळे सिगरेट ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफीन जवळपास दुप्पट वेगाने बाहेर पडतं, चार कॉफी पिऊनही त्याला फार काही वाटत नाही. सिगरेट बंद झाली की काही दिवसांत ते एन्झाइम पहिल्यासारखं होतं आणि मग त्याच चार कॉफींचं रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुप्पट होतं. धडधड, थरथर, झोप उडणं, अस्वस्थपणा, आणि ही लक्षणं निकोटीन सुटल्याच्या लक्षणांसारखीच दिसतात म्हणून माणसाला वाटतं की आपल्याला सिगरेट पाहिजे. कितीतरी जण इथेच परत फिरत असतील. तुम्ही तीन आठवडे काढलेत, निकोटीनचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा सरतो, म्हणजे तुम्ही जवळजवळ पैलतीरावर आहात. दोन कप ठेवा, दोन्ही दुपारी दोनच्या आत. आठवडाभरात धडधड थांबली नाही तर ईसीजी काढून घ्या.

हे काम धुराचं आहे, निकोटीनचं नाही, म्हणून तंबाखू किंवा मशेरी सोडणाऱ्यांना कॉफीचा हा त्रास होत नाही. आणि निकोटीनची गोळी चघळत असाल तर तिच्या आधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा-कॉफी नको, तोंडात आंबटपणा आला की निकोटीन नीट शोषलं जात नाही आणि मग गोळीचा उपयोग नाही असं वाटून माणूस ती फेकून देतो.

टपरीबद्दल एकच सांगते. कप आणि सिगरेट वर्षानुवर्षं एकाच हाताने धरलेत तुम्ही, हातात कप आला की दुसरं बोट आपोआप सिगरेट शोधतं. अजून महिना-दोन महिने मित्रांना दुसरीकडे भेटा. खरे मित्र असतील तर येतील.

प्रश्न: चहा सोडून ग्रीन टी घेतला तर चालेल ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: ग्रीन टी हा चहाच आहे, त्यात कॅफीन असतं, थोडं कमी. कॅफीन नकोच असेल तर गवती चहा, तुळस, आलं उकळून घ्या, फक्त त्यात सवयीने चहापत्ती टाकू नका.

प्रश्न: आमच्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत, लहानपणी दात दुखायचा म्हणून मशेरी लावायला लागल्या ती आजपर्यंत. सकाळी, दुपारी जेवल्यावर, रात्री झोपताना. पाकिटाची नाही, स्वतः तव्यावर तंबाखू भाजतात, घरभर खकाणा होतो. सोडा म्हटलं तर म्हणतात मशेरी लावल्याशिवाय परसाकडे होत नाही, आणि आता या वयात काय व्हायचंय. पण माझी चार वर्षांची मुलगी त्यांच्या शेजारी उकिडवी बसून बोट दातांवर फिरवते, आणि परवा तिने डबीचं झाकण उघडलं होतं. मी सून आहे, मी बोलले की भांडण होतं.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. गावाकडचं चित्र अगदी हेच आहे, पानं काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची, आणि मोरीशी बसून बोटाने हिरड्यांना घासत बसायचं, वीस-वीस मिनिटं. तेवढी वीस मिनिटंच त्या बाईला दिवसभरात कुणी हाक मारत नाही. हे समजून घेतल्याशिवाय मशेरी सुटत नाही असं माझं ठाम मत आहे.

मशेरीला लोक दात घासायची पावडर समजतात, व्यसन समजतच नाहीत. बायका डॉक्टरला तंबाखू खात नाही म्हणून सांगतात आणि खोटं बोलत नसतात, त्यांच्या लेखी ती तंबाखू नाहीच. दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक बिडी-सिगरेट ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू घेणारे, म्हणजे आपल्या राज्याचा खरा प्रश्न धुराचा नाहीच, डबीचा आणि पुडीचा आहे. आणि बिनधुराच्या तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो यात आता काहीही शंका राहिलेली नाही.

आता परसाकडचं. त्या खरं सांगतायत, त्यांना खोटं पाडू नका. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं, सकाळचा चहा-कॉफीही पुष्कळांना तेच करतो. मशेरी बंद केली की काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, पोट साफ होत नाही, हा विथड्रॉवलचाच भाग आहे. म्हणून बंद करायच्या आठ दिवस आधीपासून त्याची तयारी करा, उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, लागलं तर रात्री इसबगोल. सकाळी पोट साफ व्हायला लागलं की त्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा आपोआप गळून पडेल.

त्यांना रागवून काही होणार नाही, आणि तुम्ही बोलू नका, मुलाला बोलू द्या, आईशी, एकटीशी. कॅन्सरचं भय घालण्यापेक्षा नातीचं सांगा, ती बोट फिरवते ते त्यांनाच दाखवा. डबी तोपर्यंत मुलीच्या हाताला लागणार नाही इतकी उंच ठेवा, एवढ्याशा पोराच्या पोटात तंबाखू गेली तर ते विष आहे, उलट्या-झटके येऊ शकतात.

दिवस त्यांनाच ठरवू द्या, गुरुवार म्हणा, संकष्टी म्हणा. कॉफीसारखं थेंबाथेंबाने कमी करणं तंबाखूत बहुतेकांना जमत नाही, ठरलेल्या दिवशी पूर्ण बंद, हे जास्त टिकतं, फक्त आधीच्या आठवड्यात तीनची दोन आणि दोनची एक वेळ करून घ्यायची. त्या दिवशी भाजायचा तवा आणि डबी घरातून बाहेर. तलफ येते ती पाच-दहा मिनिटांची असते, तेवढ्यात तोंडात लवंग, बडीशेप, भाजलेला ओवा, काहीही चालेल, सुपारी मात्र अजिबात नको, सुपारीनेही तोंडाचा कॅन्सर होतो. तलफ फारच असली तर २ मिलिग्रॅमची निकोटीनची चघळायची गोळी मेडिकलमध्ये मिळते. सावकाश चावायची, तोंडात झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायची, परत चावायची, असं अर्धा तास. दात हलत असतील तर अंगावर चिकटवायची निकोटीनची पट्टी चालते. हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि एक काम या आठवड्यातच करा. उजेडात त्यांना तोंड उघडायला सांगा, गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, गाठ, तिखट न सोसणं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर डेंटिस्टकडे किंवा जिल्हा रुग्णालयात न्या, तिथे तंबाखू सोडवायला समुपदेशक पण असतात. फोनवरून मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाईन आहे, तंबाखूच्या पाकिटावर छापलेली असते, पैसे पडत नाहीत. या वयात काय व्हायचंय म्हणतात त्याला माझं उत्तर एवढंच, की ६३ ला सोडली तरी धोका तिथून कमी व्हायला लागतो, आणि त्यांना नातीचं लग्न बघायचं असेलच.

प्रश्न: मिस्टर रोज संध्याकाळी पितात, एक-दीड क्वार्टर, गेली आठ वर्षं. दर वर्षी गटारी झाली की श्रावण पाळतात, महिनाभर थेंब नाही. म्हणून सगळे म्हणतात की मनात आणलं की सोडू शकतो हा. पण मागच्या श्रावणात तिसऱ्या दिवशी हात थरथर कापत होते, घाम, आणि रात्री भिंतीवर किडे चढतायत म्हणून ओरडत उठले. सासूबाईंनी अंगारा लावला. दोन दिवसांनी ठीक झाले. आता परत श्रावण येतोय. पेपरात जाहिरात बघितली, जेवणात पावडर मिसळून द्यायची, पिणाऱ्याला कळत पण नाही. मागवू का?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर: पावडर मागवू नका. त्यात काय असतं ते लिहिलेलं नसतं. दारू प्यायली की उलटी व्हावी, त्रास व्हावा अशी औषधं आहेत, पण ती पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, लिव्हर-हार्ट तपासून द्यायची असतात. नकळत दिली आणि माणूस वर प्यायला तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो.

आणि भिंतीवरचे किडे हा बाहेरचा प्रकार नव्हता. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की सहा-आठ तासांपासून हात कापायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत नसलेलं दिसणं, ऐकू येणं, कुठे आहे ते न कळणं, याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार झाले नाहीत तर यात माणसं जातात. ते वाचले. पुढच्या वेळी काय होईल ते सांगता येत नाही, कारण प्रत्येक वेळी असं सोडून परत धरलं की पुढचा झटका जास्त जोराचा येण्याची शक्यता असते. श्रावण पाळणं हे सुटका झाल्याचं लक्षण आहे असं सगळ्यांना वाटतं, त्यांनाही वाटत असणार, आणि महिन्याच्या शेवटी परत बाटली येते तेव्हा दोष कुणाला द्यायचा तेही कळत नाही.

म्हणून या श्रावणाच्या आधी, गटारीच्याही आधी, त्यांना मानसोपचार तज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात घेऊन जा आणि मागच्या वर्षी काय झालं ते जसंच्या तसं सांगा, लाजू नका. आठवडाभर औषधांच्या आधाराने, बी१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन, दारू सुरक्षितपणे उतरवता येते. त्यानंतरचं काम मोठं आहे, त्यासाठी व्यसनमुक्ती केंद्र लागतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय, डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी उभं केलेलं, सुरुवातीला पुलंनी मदत केली होती. १४४४६ या सरकारी हेल्पलाईनवर तुमच्या जवळचं केंद्र कुठलं ते विचारता येतं. दारू सोडणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगा असतातच, आणि घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे, तिथे तुम्ही स्वतः जा, ते आले नाहीत तरी. आठ वर्षं तुम्ही हे एकटीने ओढताय.

ते नाहीच म्हणाले आणि श्रावणात एकदम बंद केलीच, तर पहिले चार दिवस त्यांना एकटं झोपू देऊ नका, मोटरसायकल देऊ नका, आणि हात कापायला लागले, ताप आला, बडबड सुरू झाली की १०८ ला फोन.

प्रश्न: मी ७१ वर्षांची. सकाळी एक आणि दुपारी साडेतीनला एक, अशी दोन कप कॉफी घेते, दूध घालून, वर जायफळ. बीपी नाही, झोप चांगली आहे. मुलगा ऑस्ट्रेलियात असतो, तिथून कॉफी म्हणजे विष असे व्हिडिओ पाठवतो आणि रोज फोनवर विचारतो की सोडली का. सोडायला पाहिजे का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर: नाही, आजी. दोन कपांत तुमचं काही बिघडत नाही. कॉफीने कॅन्सर होतो अशी शंका पूर्वी होती, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये सगळे पुरावे परत तपासून कॉफीला त्या संशयितांच्या यादीतून काढलं. धोका सांगितला तो ६५ डिग्रीच्या वरचं कडकडीत काहीही पिण्याचा, त्यामुळे कप जरा निवू द्या. मुलाला तुमची काळजी आहे म्हणून तो विचारतो, त्याला माझ्या नावावर सांगा की डॉक्टरांनी परवानगी दिली.

दोनच गोष्टी बघा. साखर किती पडते ते, आणि कॉफी जेवणाला चिकटून नको. चहा-कॉफीमुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून जेवणाच्या आधी-नंतर तासभर अंतर ठेवायला आयसीएमआरनेही सांगितलंय. तुमची साडेतीनची वेळ उत्तम आहे, सकाळची नाश्त्याच्या तासभर आधी घ्या. पुढच्या वेळी रक्त तपासाल तेव्हा हिमोग्लोबिन किती आलं ते कळवा.